हाडाच्या पोकळीतील गिरमिट

(केम, ता. करमाळा, जि. सोलापूर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



केमचे नाव काढले की महाराष्ट्रातल्या माताभगिनींना कुंकू आठवते. देवघरातल्या करंड्यापासून पंढरीच्या वाटेवरील दुकानांपर्यंत या गावाची ओळख पोहोचलेली आहे. अशा गावात येऊन मी अस्थिशल्यचिकित्सेतील एका हत्याराविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मी वैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार आहे. परंतु ज्या गोष्टीची किंमत सामान्य कुटुंब स्वतःच्या पायाने मोजते, ती गोष्ट केवळ तज्ज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, हे मला पटत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात या परिसरातील रस्त्यांची स्थिती आपण जाणता. मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर निघतात आणि अंधारात दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. घरातला कर्ता मुलगा रुग्णालयात जातो आणि डॉक्टर सांगतात, ‘मांडीचे हाड मोडले आहे, रॉड टाकावा लागेल.’ हा ‘रॉड’ शब्द आता खेडोपाडी पोहोचला आहे. रॉड कोणत्या कंपनीचा, देशी की परदेशी, स्टीलचा की टायटॅनियमचा, त्याला किती पडतील, ही चर्चा रुग्णालयाच्या व्हरांड्यात तासभर चालते. तो रॉड हाडात शिरतो कसा, हा प्रश्न मात्र मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. रॉड आणि हाड यांच्यामध्ये एक हत्यार असते. त्याचे नाव रीमर.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात काम केलेली मंडळी येथे असतील, तर त्यांना हा शब्द नवा नाही. धातूत पाडलेले भोक नेमक्या मापाचे आणि गुळगुळीत करण्यासाठी जे कातणारे हत्यार फिरवतात, ते रीमर. सुताराच्या गिरमिटाचे हे सख्खे भावंड. शल्यचिकित्सकाच्या हाती आल्यावर त्याचे काम तेच राहते. लाकडाच्या वा लोखंडाच्या जागी जिवंत हाड येते, आणि सगळा फरक त्या ‘जिवंत’ शब्दात आहे.

आपल्या मांडीचे हाड भरीव नाही. ती एक नळी आहे. बाहेर कठीण कवच, आत पोकळी आणि पोकळीत मज्जा. ही पोकळी दोन्ही टोकांना रुंद आणि मध्यभागी अरुंद, डमरूसारखी. शिवाय हाड सरळ नसून पुढच्या बाजूस किंचित बाक असलेले. या नळीच्या आतून एक लांब धातूचा खिळा घातला, तर मोडलेले दोन तुकडे एका रेषेत राहतात आणि रुग्ण काही दिवसांत कुबड्यांवर उभा राहू शकतो. एरवी पायाला वजन बांधून दोन-तीन महिने खाटेवर पडून राहावे लागे. शेतकऱ्याच्या घरात तीन महिने अंथरूण म्हणजे एक हंगाम बुडाला, कर्ज झाले, मुलीचे लग्न पुढे गेले. म्हणून हा खिळा केवळ वैद्यकीय वस्तू नव्हे.

येथे आपल्या परंपरेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात अस्थिभंगाचे वर्गीकरण आहे: सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. या बारांमध्ये ‘मज्जानुगत’ नावाचा एक प्रकार आहे. हाडाचा तुकडा मज्जेत शिरलेला, असा तो भंग. म्हणजे हाड पोकळ आहे, आत मज्जा आहे आणि मोडलेला तुकडा तेथे घुसू शकतो, याचे स्पष्ट भान त्या आचार्यांना होते. चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात मांडी किंवा पोटरी मोडलेल्या रुग्णाला फळीवर निजवावे आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्यांचा आधार द्यावा, असे सांगितले आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळपायाशी एक. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन अशा वृक्षांच्या सालींच्या पट्ट्या बांधाव्यात. थंडीत सात दिवसांनी, सम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा. बंध सैल झाला तर सांधा स्थिर होत नाही, आवळला तर सूज, वेदना आणि पाक होतो. तळहात मोडलेल्या रुग्णाने बरे होताना आधी मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि मग दगड हातात धरावा, असेही तेथे आहे. आजच्या व्यायामोपचार विभागात रबरी चेंडू देतात, त्यामागचा विचार हाच.

पण म्हणून सुश्रुताने हाडाच्या पोकळीत खिळा ठोकला होता, असे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याला नम्रपणे थांबवावे. पूर्वजांनी जे केले तेच इतके मोठे आहे की त्यात पदरचे मिसळण्याची गरज नाही. सुश्रुताच्या खुंट्या अंगाबाहेर होत्या. खुंटी आत नेण्याचे काम व्हायला भूल, निर्जंतुकीकरण, क्ष-किरण आणि न गंजणारे पोलाद, या चार गोष्टी जुळून याव्या लागल्या.

त्या जुळल्या विसाव्या शतकात. जर्मनीतील कील येथील गेर्हार्ड क्युंटशर या शल्यचिकित्सकाने नोव्हेंबर १९३९ मध्ये पहिल्यांदा मांडीच्या हाडात असा खिळा बसवला. महायुद्ध सुरू झाले होते. पुढे त्याची नेमणूक उत्तर फिनलंडमधील सैनिकी रुग्णालयात झाली. त्या गावाचे नाव केमी. आपल्या केमचा आणि त्या केमीचा नावापलीकडे काही संबंध नाही, तरी हे वाचताना मी क्षणभर थबकलो. युद्धकैदी म्हणून जर्मनीत राहिलेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक परतले, तेव्हा त्यांच्या मांडीतला लांब धातू क्ष-किरण चित्रात पाहून तिकडचे डॉक्टर चकित झाले. ज्या खिळ्याला आपल्याकडे जुने सर्जन ‘के-नेल’ म्हणत आले, त्यातील ‘के’ हे या क्युंटशरचे आद्याक्षर.

क्युंटशरच्या लवकरच ध्यानात आले की पोकळीच्या अरुंद भागात बारीकच खिळा मावतो आणि बारीक खिळा वाकतो, तुटतो, हाड नीट धरीत नाही. जाड खिळा ठोकला तर हाड तडकते. मग उपाय एकच, पोकळी आतून कोरून एकसारखी रुंद करायची. १९५० च्या दशकात त्याने बाकदार पोकळीतून वळत जाणारे लवचीक रीमर वापरात आणले. पुढे १९७० च्या दशकात खिळ्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून तो जखडण्याची पद्धत रुळली. आज आपल्याकडे ‘रॉड’ म्हणतात तो हाच जखडलेला खिळा.

शस्त्रक्रियेच्या वेळी काय घडते ते सांगतो. खुब्याजवळ किंवा गुडघ्याजवळ छोटा छेद घेऊन हाडाच्या टोकाशी पोकळीचे तोंड उघडतात. त्यातून एक लांब मार्गदर्शक तार आत सोडतात आणि मोडलेल्या जागेतून पलीकडच्या तुकड्यात नेतात. तारेच्या टोकाला मण्यासारखा लहान गोळा असतो. कारण मोठे मार्मिक आहे: रीमरचे मुंडके आत अडकले किंवा तुटले, तर तार मागे ओढली की तो मणी मुंडक्याला बाहेर घेऊन येतो. रीमर आतून पोकळ असतो आणि त्या तारेवर ओवला जातो. पहिले मुंडके आठ-नऊ मिलिमीटरचे. ते फिरवून बाहेर काढायचे, मग अर्ध्या मिलिमीटरने मोठे, मग आणखी अर्ध्याने. अरुंद भागात पाते हाडाच्या कवचाला लागले की सर्जनच्या हाताला खरखर जाणवते. अनुभवी सर्जन त्या खरखरीवरून माप ओळखतो. जेवढा खिळा घालायचा त्याहून साधारण एक ते दीड मिलिमीटर अधिक कोरतात, म्हणजे खिळा न अडता बसतो.

आता ‘जिवंत’ या शब्दाकडे येऊ. आपल्या गावात हळद-कुंकवाचे काम आहे, तेव्हा दळणयंत्र कोणाला समजावून सांगायला नको. चक्कीला टाकी लावलेली नसली, दगड गुळगुळीत झाला, की पीठ दळले जात नाही, घासले जाते. ते गरम येते आणि जळका वास मारते. बोथट रीमर हाडात हेच करतो. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सियसपर्यंत जाऊन मिनिटभर तेथे राहिले तर हाडाच्या पेशींना इजा होते, हे १९८० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले आहे. ४७ अंश म्हणजे किती? आपल्या जिल्ह्यातील मे महिन्याच्या कडक दुपारीपेक्षा थोडेसेच अधिक. धारदार पाते हाड कापते आणि कीस बाहेर फेकते. बोथट पाते दाबावे लागते, आणि जेवढे दाबाल तेवढी उष्णता. आतून भाजलेले हाड बाहेरून दिसत नाही. ते महिनोन्महिने जुळत नाही, किंवा मृत झालेल्या भागात जंतू घर करतात.

दुसरा धोका दाबाचा. पोकळीत मज्जा आणि चरबी भरलेली. त्यात रीमर पुढे सरकतो तेव्हा तो पंपाच्या दट्ट्यासारखा वागतो. आतील चरबीचे कण दाबाने रक्तवाहिन्यांत ढकलले जातात आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. परंतु ज्याच्या छातीलाही मार लागला आहे किंवा ज्याचे रक्त पुष्कळ गेले आहे, त्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. म्हणूनच आधुनिक रीमरचा दांडा बारीक आणि मुंडक्यावरील खाचा खोल असतात, म्हणजे मज्जेला मागे सरकायला वाट मिळते. खाचांत वाळलेला हाडाचा कीस भरलेला असेल तर ही सारी रचना व्यर्थ. बोअर घेताना गाळ बाहेर आला नाही तर पुढे काय होते, ते येथील शेतकरी मला शिकवतील. २००० नंतर पाण्याचा प्रवाह सोडीत आणि त्याच वेळी मज्जा शोषून घेत कोरणारे रीमरही आले; ते महाग आहेत, पण त्यात जमा होणारा कीस दुसरीकडे हाड भरण्यासाठी वापरता येतो.

मग कोरूच नये, बारीक खिळा तसाच घालावा, असा एक विचार मध्यंतरी जोरात होता. आतील रक्तपुरवठा रीमर नष्ट करतो, ही त्यामागची भीती खोटी नव्हती. पण हाडाला बाहेरच्या आवरणाकडूनही रक्त मिळते, आणि कोरताना निघालेला कीस मोडलेल्या जागी साचून कलमासारखा उपयोगी पडतो. कॅनडातील सर्जनांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत मांडीचे हाड न कोरता खिळा घातलेल्यांपैकी ७.५ टक्के रुग्णांत हाड जुळले नाही. कोरून घातलेल्यांत हे प्रमाण १.७ टक्के होते. पुढे २००८ मध्ये नडगीच्या हाडाविषयी बाराशेहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे नेतृत्व मोहित भांडारी या भारतीय वंशाच्या कॅनेडियन सर्जनकडे होते. कातडी न फाटलेल्या अस्थिभंगात कोरणे लाभदायक ठरले. जखम उघडी असेल तर दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही. तेव्हा दोष कोरण्यात नाही. दोष असतो तो हत्यारात आणि हाताळणीत.

आणि येथेच माझ्या बोलण्याचा गाभा आहे. मोठ्या शहरांतील मोजकी रुग्णालये सोडली, तर तालुक्याच्या ठिकाणचे छोटे रुग्णालय असे सर्व संच विकत घेऊन ठेवू शकत नाही. शस्त्रक्रिया ठरली की विक्रेत्याकडून पेटी येते. पेटीत सर्व मापांचे खिळे, स्क्रू आणि रीमर. काम झाले की वापरलेल्या खिळ्याचे बिल होते आणि पेटी पुढच्या रुग्णालयाकडे निघते. कधी एसटीच्या टपातून, कधी मोटारसायकलवर. रुग्ण पैसे मोजतो ते खिळ्याचे. खिळा नवा, वेष्टनातला. रीमर मात्र कितव्यांदा वापरला जातो आहे, याची नोंद कोठे असते? मी या विषयासाठी विक्रेत्यांशी आणि डॉक्टरांशी बोललो. काहींनी दर ठरावीक शस्त्रक्रियांनंतर मुंडकी बदलतो असे सांगितले आणि वही दाखवली. एका विक्रेत्याने हसून विचारले, ‘साहेब, न्हावी वस्तऱ्याची वही ठेवतो का?’ मला हसू आले नाही. हल्ली न्हावीसुद्धा गिऱ्हाइकासमोर नवे पाते काढतो.

स्वच्छतेचाही प्रश्न आहे. जुन्या पद्धतीच्या लवचीक रीमरचा दांडा तारेची गुंडाळी करून बनवलेला असतो. त्या वेटोळ्यांत रक्त आणि मज्जा अडकते. ती वाळली तर ब्रश पोहोचत नाही. पेटी वाफेच्या भांड्यात घालून काढली म्हणजे झाले, असे मानणे चूक. मळ शिल्लक असेल तर वाफ त्याच्या आत शिरत नाही. शिवाय हा गुंडाळीचा दांडा उलटा फिरवला की उलगडतो, त्यामुळे अडकला तर पंचाईत. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचे एकसंध लवचीक दांडे आता मिळतात. ते धुवायला सोपे आहेत. किंमत अधिक पडते, हे उघड आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सारे परदेशी बनावटीवर अवलंबून आहे, आपण काय करणार? तसे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखजवळ साडवली येथे अस्थिशल्यचिकित्सेचे साहित्य बनवणारा कारखाना उभा राहिला. कोकणातील त्या आडवाटेच्या गावी अस्थिभंगाचे खिळे आणि पट्ट्या तयार होऊ लागल्या आणि देशभर गेल्या. या उद्योगसमूहाच्या एका कंपनीचे नाव होते सुश्रुत सर्जिकल्स, दुसरीचे ॲडलर मेडिइक्विप. २०१३ साली स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने ॲडलर मेडिइक्विप आणि सुश्रुतच्या नाममुद्रा व मालमत्ता विकत घेतल्या. ही कंपनी १८५६ साली हल शहरातील एका औषधाच्या दुकानातून सुरू झालेली. व्यवहार कायदेशीर आहे, उद्योजकाला त्याचा अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सुश्रुताचे नाव असलेली मुद्रा ब्रिटिश कंपनीच्या खात्यात जमा व्हावी, हे माझ्यासारख्याच्या मनाला लागते. त्याहून महत्त्वाची बाब ही की ती कंपनी जे विकत घेत होती, ते होते मध्यम किमतीचे भारतीय उत्पादन आणि त्याची बाजारपेठ. म्हणजे देशी कारागिरीची किंमत आपल्याआधी त्यांना कळली. जयपूर फूटचे उदाहरण आठवा. डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा हे कारागीर होते म्हणून तो पाय घडला. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाचे मांडी घालून बसणे ध्यानात घेऊन देशी गुडघा विकसित केला. सर्जन आणि कारागीर एकत्र बसले की या देशात काय होऊ शकते, याचे आणखी पुरावे शोधत फिरण्याचे कारण नाही.

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. अस्थिरोपणाचे साहित्य २००५ मध्ये औषध कायद्याच्या कक्षेत आले, वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे त्या कक्षेत आली. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली गेली, त्याचा लाभ असंख्य ज्येष्ठांना झाला. मांडीतला रॉड त्या आदेशात नव्हता. गुडघा बदलणारा रुग्ण चार ठिकाणी चौकशी करू शकतो. अपघातातला रुग्ण स्ट्रेचरवर असतो आणि त्याचा भाऊ समोर येईल त्या कागदावर सही करतो. शिवाय कारखान्यातून निघणारा नवा रीमर कायदा तपासू शकेल, त्याच रीमरची दोनशेवी फेरी तपासायला कोण जाणार? ते काम रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेच्या वहीनेच होईल, आणि वही ठेवली जावी असे वाटत असेल तर ती मागणारा कोणी तरी हवा.

येथे कार्यकर्ते बसले आहेत म्हणून स्पष्ट बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा स्वयंसेवक ढिगारे उपसायला धावले. जखमींचे लोंढे लातूरकडे आणि आपल्या सोलापूरकडे येत होते. तो प्रसंग एकदाच आला. रस्त्यावर रोज एक एक करून मोडणाऱ्या पायांसाठी तशी धाव घेतली जात नाही. तालुक्यातल्या अस्थितज्ज्ञांना भेटा. त्यांच्यावर आरोप करायला जाऊ नका. बहुतेक जण कमी साधनांत मोठे काम करीत असतात आणि बोथट हत्याराचा त्रास सर्वांआधी त्यांनाच होतो. त्यांना विचारा, तीन-चार रुग्णालयांनी मिळून रीमरचा एक संच विकत घेऊन ठेवायचा झाला तर किती खर्च येईल? देवस्थान, पतसंस्था, साखर कारखाना, यांपैकी कोणी तो भार उचलेल का? व्यायामशाळेला आणि स्वागतकमानीला देणग्या मिळतात, तर याला का मिळू नयेत? आणि नातेवाइकांनी दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये: हत्यारांचा संच कोणाचा आहे, आणि त्याची पाती शेवटी केव्हा बदलली?

रस्त्यावरचे कर्तव्य तर आधीचे. मांडीचे हाड मोडले तर कातडी न फाटताही लिटरभर, कधी त्याहून अधिक रक्त आतल्या आत जाते. पाय चोळू नये, ओढून सरळ करण्याचा हट्ट धरू नये, दोन्ही बाजूंना काठ्या लावून कापडाने बांधावा, १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला पोलीस आणि न्यायालय यांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात तसे कलमही आले. आणि हाडवैद्याकडे नेण्याचा मोह. मला त्या परंपरेचा अनादर नाही, काही घराण्यांच्या बोटांत ज्ञान आहे. परंतु आवळून बांधलेल्या कामट्यांखाली बोटे काळी पडली तर पाय कापावा लागतो. सुश्रुताने गाढ बंधाविषयी दिलेला इशारा मघाशी सांगितला, तो याचसाठी.

येण्यापूर्वी मला एका मातेने विचारले की मुलाच्या पायातला रॉड काढायचा की ठेवायचा. हाड पूर्ण जुळल्यावर त्रास नसेल तर तो काढलाच पाहिजे असे नाही. तरुण रुग्णात किंवा टोक टोचत असेल तर सर्जन काढण्याचा सल्ला देतात, तोही साधारण दीड-दोन वर्षांनंतर. शस्त्रक्रियेचे कागद आणि खिळ्याच्या वेष्टनावरील चिठ्ठी मात्र जपून ठेवा. कोणत्या कंपनीचा, किती लांबीचा, किती जाडीचा, हे त्या चिठ्ठीवर असते, आणि काढताना नेमका त्याच कंपनीचा सांगाडा लागतो. घराच्या खरेदीखताबरोबर ती चिठ्ठी ठेवली तरी चालेल. आणखी काही शंका असतील तर विचाराव्यात, परतीच्या गाडीला अजून वेळ आहे.